पालथा चमचा

मी, क्लेमांस वेयु, कै. रोझेर वेयु यांची पत्नी, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा मेपलचे सिरप करणे आणि दुसऱ्यांनी केलेले चाखून खरे ते सांगणे, राहणार सेंत-फेब्रोनी, बोस, क्वेबेक, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून माझ्या हाताने लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे. माझी जीभही शाबूत आहे. हे दुसरे वाक्य वकील लोक लिहीत नाहीत. मी मुद्दाम लिहिले आहे आणि ते कोणी खोडू नये. कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा गोड बोलण्याने मी हे लिहीत नाही. गोड काय आणि गोड भासते काय, हे ओळखण्यातच माझा जन्म गेला.

यापूर्वीची माझी मृत्युपत्रे या लेखाने रद्द समजावीत. तसे एकच आहे. माझा पुतण्या गेतां याने गेल्या जूनमध्ये नोटरींकडून सुबक टाईप करवून आणले आणि माझ्यापुढे पेन धरून उभा राहिला, ते. त्यावर मी सही केली नाही, म्हणजे रद्द करण्यासारखे त्यात काही नाही. पण रद्द करताना बरे वाटते म्हणून करते.

कलम १. साक्षीदार. लोक साक्षीदारांचे शेवटी लिहितात. माझे आत्ता समोर बसले आहेत, म्हणून आधीच लिहिते. एक, फाबियन तुरमेल, पूर्वी चीज करायचा, आता नुसते खातो. वसंताच्या जत्रेत सिरपची पारख करणाऱ्या टेबलावर तो माझ्या डाव्या हाताला बसत आला. दुसरी, दोरिस क्लुतिए, शाळेची बस चालवते. साखरेच्या आजारामुळे सिरपला शिवत नाही, त्यामुळे या गावात निःपक्षपाती अशी ती एकटीच. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असा कायदा आहे. सबब या दोघांना माझ्याकडून काडीही मिळणार नाही. एवढे वाचून दाखवल्यावर फाबियन म्हणाला, "म्हणजे बीन्सपण नाहीत?" बीन्स चुलीवर आहेत, डुकराच्या चरबीसकट. सही झाली की मिळतील, आधी नाही.

कलम २. स्थावर. राहते घर, मागची लाकडांची वखार, मेपलची राई आणि राईतले गुऱ्हाळ, म्हणजे रस आटवायची झोपडी, चुलवणासह आणि काहिलीसह. चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस गावचा रस्ता, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस चर्चची जमीन आणि उत्तरेस गेतांची राई. उत्तरेची सीमा नीट ध्यानात ठेवावी. गेतांच्या राईतून रसाच्या नळ्या उतारावरून खाली येतात आणि माझ्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर त्याच्या मोठ्या टाकीत पडतात. एक नळी जोडली की माझ्या झाडांचा रस त्याच्या टाकीत. ती एक नळी जोडता यावी एवढ्यासाठीच तो जूनमधला टाईप केलेला कागद होता. माझी पहिल्या धारेची, म्हणजे वसंताच्या सुरुवातीच्या रसाची, गोडी त्याच्या शेवटच्या धारेत ओतायची, आणि वर वेयु घराण्याचे नाव चिकटवायचे. मी जिवंत असताना ते होणार नाही, आणि मेल्यावर होऊ नये म्हणून हा खटाटोप.

कलम ३. माझी जीभ कशी तयार झाली ते. हे कलम नसले तरी कायद्याचे काही अडत नाही. माझे अडते.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला सिरप म्हणजे भाकरीवर घालायचे एवढेच ठाऊक होते. सासूबाईंनी पहिल्याच वसंतात काहिलीपाशी उभे करून पळी हातात दिली. पत्र्याची, चपटी, रुंद तोंडाची. म्हणाल्या, "काठावरून थेंब थेंब गळतंय तोवर कच्चं. सगळं एकत्र येऊन पदरासारखं सुटलं की झालं. त्या क्षणी उतरवायचं. मागे वळून नवऱ्याकडे बघितलंस तर करपलं." दाटपणाचे शिक्षण तेवढ्यात झाले. आता काचेचा काटा पाकात तरंगत ठेवून दाटपणा मोजतात. मोजोत बापडे. काट्याला आणि पळीला मी कधी भांडताना पाहिले नाही.

चवीचे शिक्षण मात्र मार खाऊन झाले. ऊन वाढले, मेपलला कळी फुगली, की रसात कळीची चव उतरते. रंगात दिसत नाही. दाटपणात दिसत नाही. पहिली चव गोडच. मग गिळल्यावर घशाशी कोबी उकडलेल्या पाण्यासारखे काहीतरी येऊन बसते. त्याला आम्ही नुसते 'कळी' म्हणतो. सिरप करणाऱ्याला त्याच्या बायकोबद्दल वाटेल ते बोला, तो हसेल. डब्याला कळी म्हणा, तो फावडे उचलेल.

आणि गंमत अशी की ज्याच्या घरची कळी त्याला ती लागत नाही. दिवसभर वाफेत उभे राहून नाक मेलेले असते. वर न्याहारीला अंडी सिरपात पोहत असतात. आपला तो बाब्या, तसे आपले ते सिरप. म्हणून सासूबाईंचा नियम होता, गुऱ्हाळात चाखायचे नाही. बाहेर यायचे, बर्फाच्या पाण्याने चूळ भरायची, कोरड्या पावाचा तुकडा चावायचा, मग चमचा.

मी सून म्हणून आले त्याच वसंतात सासऱ्यांनी, तेलेस्फोर वेयु यांनी, सगळ्या शेजाऱ्यांसमोर मला विचारले, "काय सूनबाई, कसा काय झालाय पाक?" मी बाहेर जाऊन, चूळ भरून, पाव खाऊन आले आणि म्हटले, "मामंजी, कळी लागतेय." रोझेरने खाली मान घालून चर्चमधल्या सगळ्या पवित्र भांड्यांची नावे एकामागून एक पुटपुटली. आमच्याकडे शिव्या त्याच. सासरे पुढचे दोन वसंत माझ्याशी बोलले नाहीत. मीठ हवे असले तरी सासूबाईंकडे बघून म्हणायचे, "तिला सांग." पण त्या दिवशी संध्याकाळच्या आत त्यांनी रसासाठी झाडांना ठोकलेल्या सगळ्या तोट्या स्वतःच्या हाताने काढल्या आणि तो पाक डुकरांना घातला. माझ्यावर ते चिडले होते. माझ्या जिभेवर चिडले नव्हते. हा फरक ज्याला कळतो त्याला मी माणूस म्हणते, आणि तेलेस्फोर वेयु माणूस होते.

कलम ४. गेल्या एप्रिलच्या जत्रेची हकीकत. हा माझा जबाब समजावा.

टेबलावर आम्ही तिघे. मी, फाबियन आणि कमिटीचे अध्यक्ष लुसिएन ग्राँमेझों. डबे सीलबंद, नावे झाकलेली, नुसते क्रमांक. आमची रीत जुनी आहे. चाखून कोणी बोलायचे नाही, म्हणजे कोणी कोणाच्या मागे जायला नको. डबा पसंत असेल तर चमचा सुलटा ठेवायचा, नापसंत असेल तर पालथा. तिघांत एक जरी पालथा पडला, तर पुन्हा पाणी, पुन्हा पाव, पुन्हा चाखणे. ही रीत मी केलेली नाही. मी फक्त ती पाळली.

एक डबा आला. रंग कोवळ्या उन्हाचा. पळीवरून पदर असा सुटला की मी मनात म्हटले, वा, हात चांगला आहे. हात चांगलाच होता, ते मी आजही म्हणते. पण गिळले आणि घशाशी कोबी. कोणीतरी शेवटच्या धारेचा माल पहिल्या धारेत मिसळून रंग उजळवला होता. मी चमचा पालथा ठेवला. लुसिएनचा सुलटा. फाबियनचा, थोडा वेळ हवेतच राहून, सुलटा.

मी पावाकडे हात नेला, तर लुसिएन सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "राहू दे गं क्लेमांस. निसटला असेल तुझ्या हातून चमचा. होतं असं वयात."

मांडव हसला. मला फेब्रुवारीत ताप आला होता आणि काही दिवस वास येत नव्हता, हे सगळ्या गावाला ठाऊक. गेला तसा तो वास परत आला होता, पण ते विचारायला कोणी आले नाही. त्या डब्याला पहिल्या क्रमांकाची लाल फीत मिळाली. नाव उघडले, तर गेतां वेयु. माझा गेतां.

पुढचे सगळे त्या हसण्यातून निघाले. जूनमध्ये गेतां नोटरींना माझ्यासमोर म्हणाला, "काकूंना आता सिरपसुद्धा कळत नाही हो. ज्यांना सिरप कळेना, त्यांना राईचा कारभार काय कळणार?" मी तिथेच बसले होते, माझ्याच खुर्चीत. माझ्या जिभेवरून त्याने माझ्या डोक्यापर्यंत शिडी लावली. माझ्या पश्चात हेच वाक्य घेऊन तो या मृत्युपत्राविरुद्ध कोर्टात उभा राहील, आणि लोक मान डोलावतील. म्हणून बुद्धीबरोबर जिभेचेही लिहिणे मला भाग पडले.

इथपर्यंत मोठ्याने वाचले. फाबियन खिडकीबाहेर बघतोय. बाहेर बघण्यासारखे काही नाही, नोव्हेंबर आहे.

कलम ५. मानचिन्ह. जत्रेनंतर कमिटीने मला टेबलावरून उठवले आणि 'प्रदीर्घ सेवेबद्दल' लाकडी पाटी दिली. ती लुसिएन ग्राँमेझों यांस परत द्यावी, सोबत खिळा द्यावा. पाटीचे लाकूड मेपलचे नाही, हे त्यांच्या नजरेस आणावे.

कलम ६. जंगम. बँकेतली शिल्लक चर्चच्या छपराला द्यावी. फादरांनी त्याबदल्यात माझ्यावर प्रवचन करू नये. 'गोड स्वभावाची' हे शब्द कोणी उच्चारल्यास खांदेकऱ्यांनी शवपेटी तिथेच खाली ठेवून बाहेर निघून जावे. लोणच्याच्या बरण्या दोरिसला द्याव्यात असे मनात होते, पण ती साक्षीदार. तेव्हा त्या मी उद्या जिवंतपणीच तिच्या बसमध्ये ठेवीन.

कलम ७. गेतां. याची आई लवकर गेली. मला मूल नाही. त्याच्या डोक्याला तेल मी लावले, त्याचा ताप मी उतरवला, पळी कशी धरायची तेही मीच शिकवले. माझा त्याच्यावर जीव आहे. रागही आहे. एक लिहिले म्हणून दुसरे खोटे ठरत नाही. त्याला रोझेरचे घड्याळ, रोझेरची बंदूक आणि लाल फीत लावलेल्या डब्यातले उरलेले सिरप द्यावे. परीक्षकाने डबा घरी न्यायचा नाही असा नियम आहे. तो मी शालीखाली नेला. नियम मोडल्याचे मला अजिबात वाईट वाटत नाही. डबा तळघरात आहे, एका परीक्षेपुरता उघडलेला, परत बूच मारलेला, त्यावर कमिटीची चिठ्ठी तशीच. गेतां, बेटा, ते सिरप तू गुऱ्हाळात चाखू नकोस. बाहेर जा, चूळ भर, पाव खा. मग चाख आणि माझी आठवण काढ. शिवी दिलीस तरी चालेल.

कलम ८. राई, गुऱ्हाळ, घर आणि पळी. हे सर्व मी लिझेत हिला देते. लिझेत म्हणजे गेतांची बायको. हो, बायको. गेतांला नाही, दोघांना मिळून नाही, तिला एकटीला, तिच्या नावाने, नवऱ्याच्या सहीची गरज न ठेवता.

लोक विचारतील, समुद्रकाठची, कोळ्याची पोर, तिला मेपलमधलं काय कळतं? गावाने तिला लग्नापासून 'माशांची' म्हणून चिडवले. मीही एकदोनदा हसले असेन. नोटरी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या मागच्या दाराने आली. अंगणातच उभी राहिली.

"काकू, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"आधी आत ये. मग ठरवते."

आत आली, पण खुर्चीवर बसेना. म्हणाली, "त्या डब्यात कोबीच्या पाण्यासारखं काय लागत होतं?"

मी हातातले भांडे खाली ठेवले. "कोणाला बोललीस हे?"

"गेतांला. जत्रेच्या आधीच. पाक काहिलीत होता तेव्हा. बाहेर आणून चाखला, कारण आत वाफेत मला मेली कशाचीच चव लागत नाही. त्याला म्हटलं, हे मिसळू नको, हे डुकरांना घाल."

"मग?"

"म्हणाला, तू मासे ओळख." आणि ती रडायला लागली. "जत्रेत तुमचा चमचा पालथा बघितला आणि मला इतकं बरं वाटलं, काकू. वाटलं, चला, मी वेडी नाही. मग सगळे हसले, आणि मी काही बोलले नाही. मी पण गप्प बसले."

बाहेर येऊन चाखायचे हे तिला कोणी शिकवले नव्हते. ते तिचे तिलाच सुचले. आणि पाक काहिलीत असताना, नवऱ्याच्या तोंडावर, ती म्हणाली. मांडवात गप्प बसली त्याचे मी तिला माफ केले; मांडवात परीक्षकसुद्धा गप्प बसले. या घराण्यात काहिलीपाशी कळी म्हणणारी मी एक होते. आता ही दुसरी. राई तिची आहे.

अटी दोन. उत्तरेच्या कुंपणातून नळी जाऊ द्यायची नाही. आणि कळी फुगली की त्याच दिवशी तोट्या काढायच्या, मग शेजारी अजून आठवडाभर रस गोळा करोत, आपले नुकसान होवो. गेतांला गुऱ्हाळात लाकडे घालायला येऊ द्यावे. जाळ तो छान धरतो. डबा भरायचा की नाही, हे मात्र लिझेत सांगेल.

कलम ९. अंत्यविधी. जमीन गोठली असली तर वसंतापर्यंत थांबावे, मला घाई नाही. जेवणाला मटारचे सूप, हॅम आणि माझ्या राईतले पहिल्या धारेचे सिरप. रडणाऱ्यांनी आधी जेवून घ्यावे. माझ्या हातात जपमाळ गुंडाळतील ती गुंडाळोत, पण दुसऱ्या हातात माझा चमचा द्यावा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी मेल्यावरही जाणार नाही. वर काय वाढतात ते मला चाखून बघायचे आहे.

कलम १०. परीक्षा. साक्षीदारांनी सही करताना, माझी बुद्धी व जीभ शाबूत असल्याचे स्वतःच्या अक्षरात लिहायचे आहे. फाबियनला हे आत्ता कळले.

तो म्हणाला, "बुद्धीचं लिहितो. जिभेचं मी कसं लिहू?"

"चाखून," मी म्हटले. उठून तळघरातून डबा आणला. एक पळीभर सिरप भांड्यात कोमट केले, कारण कोमट झाले की कळी लपत नाही. त्याच्यापुढे पाणी, पाव आणि चमचा ठेवला.

"क्लेमांस," तो म्हणाला, "माझ्या अंगणातला बर्फ दर हिवाळ्यात कोण काढतं, ठाऊक आहे ना तुला? गेतां. फुकट. सकाळी मी उठायच्या आत."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुझा चमचा हवेत थांबला होता."

"माझे गुडघे बघ."

"गुडघ्यांनी चाखायचं नाहीये."

दोरिस म्हणाली, "फाबियन, आटप बाबा. मला पोरं आणायला जायचंय. आणि बीन्स करपतायत."

त्याने पाण्याने चूळ भरली. पाव चावला, बराच वेळ चावला. मग चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. मी हे तो बसला असताना लिहिते आहे. माझ्याकडून मी काही बोललेले नाही, खूण केलेली नाही. तो चमचा कसा ठेवतो ते न बघता मी आता सही करते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की त्याचा चमचा बघून हिने लिहिले. तो सुलटा पडला तरी माझे लिहिलेले एक अक्षर मी मागे घेणार नाही. कळी होती.

ठिकाण: सेंत-फेब्रोनी, बोस
दिनांक: १४ नोव्हेंबर २००६

(सही) क्लेमांस वेयु

साक्षीदार:

(सही) दोरिस क्लुतिए
क्लेमांस पूर्ण शुद्धीवर आहे, आमच्या दोघांपेक्षा जास्तच. सिरप मी चाखलेले नाही. फाबियनचे तोंड मी पाहिले आहे.

(सही) फाबियन तुरमेल
हिची बुद्धी शाबूत आहे. जीभ शाबूत आहे, आणि एप्रिलमध्येही होती. माझा चमचा पालथा आहे. यंदापासून माझ्या अंगणातला बर्फ मी काढीन.